खंडेनवमीची माळ

शेखर आणि दीपक एकाच सोफ्यावर बसलेले दिसले, तेव्हाच कुसाबाई दारात थबकल्या.

सोळा वर्षं हे सख्खे भाऊ पत्र्याचे भाग बनवणाऱ्या घरच्या एकाच कारखान्यात जात होते, एकाच टपरीवरचा चहा पीत होते आणि एकमेकांशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलत होते. जेवताना मीठ हवं असलं तरी शेखर म्हणायचा, "आई, दीपकला सांग मीठ सरकवायला." आणि दीपक शेजारच्याच खुर्चीत. सिन्नरमध्ये तर असंही सांगतात, की एकदा शेडमध्ये आग लागली तेव्हा शेखरनं भावाला हाक न मारता सुपरवायझर बहिरूला फोन लावला, आणि बहिरू निरोप घेऊन दीपकपर्यंत पोचेतो आग वाट बघून कंटाळली आणि विझून गेली. सांगणारे शपथेवर सांगतात, आपण का अविश्वास दाखवावा.

तेच दोघं आज कोजागिरीच्या सकाळी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. शेखरच्या हातात एक कागद होता आणि दीपकच्या हातात टोपण काढलेलं पेन.

"कोण गेलं?" कुसाबाईंनी दारातूनच विचारलं.

"कुणी नाही गेलं, आई. तू बस आधी," शेखर म्हणाला.

"मंग तुम्ही दोघं एका जागी कसे?"

स्वयंपाकघरात शैला, म्हणजे शेखरची बायको, आठ लिटर दुधाच्या पातेल्यासमोर उभी होती, पण तिनं गॅस पेटवलेला नव्हता. संध्याकाळी कारखान्यातल्या सगळ्यांना मसाला दूध द्यायची या घराची रीत. खिडकीशी दीपकची मुलगी तेजस्विनी उभी होती. ही पोरगी ओझरकडच्या एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. एरवी सुट्टीशिवाय सिन्नरला फिरकायची नाही. आज अंगावर कालचेच कपडे, डोळे सुजलेले, आणि ओढणीच्या टोकाला काहीतरी तपकिरी वाळलेलं.

ते टोक बघून कुसाबाई दीपककडे वळल्या.

"काल तू म्हणालास लाइट गेली म्हणून सुट्टी दिली."

"काल अपघात झाला," दीपक म्हणाला. "तीन नंबरच्या प्रेसवर. जीवन होता."

"जीवन म्हणजे ठाणगावचा? दोन पोरी हायेत तो?"

"तोच. नाशिकला दवाखान्यात आहे. जिवाला धोका नाही, आई."

"मंग कशाला हाय?"

तेजस्विनी म्हणाली, "उजव्या हाताची दोन बोटं, आजी. जोडता आली नाहीत."

कुसाबाई खाली बसल्या. त्यांचा आवाज असा, की सिन्नरच्या बसस्टँडवर त्यांनी कंडक्टरला हाक मारली तर घोटीची गाडी थांबते, असा लौकिक. आज मात्र तोंडातून साधा हुंकार फुटेना. जीवनचा हात त्यांच्या डोळ्यांसमोर आला. सहा दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, त्याच उजव्या हाताच्या ओंजळीत त्यांनी पेढा ठेवला होता.

शेखरनं कागद टेबलावर सरकवला. "बारा वाजता सरकारी तपासणी अधिकारी येणार आहेत कारखान्यात. त्याच्या आत तुझी एक सही हवी."

"माझी? मी काय करते तिथं? वर्षातनं एकदा पूजा करते."

"तू भोगवटादार आहेस, आई."

"काय हाय मी?"

"कारखान्याच्या परवान्यावर भोगवटादार म्हणून तुझं नाव आहे. फॉर्ममध्ये सगळ्यात वर तोच रकाना होता. तुझं नाव सोडून वर कुणाचं लिहिणार होतो?"

दीपक म्हणाला, "दादाचं आधी की माझं आधी, यावर तो फॉर्म चार महिने पडून होता. मग ठरलं, लग्नपत्रिकेत घालतो तसं थोरल्या माणसाचं घालू. तू भागीदार होतीसच. मान तुझाच."

कुसाबाईंना आठवलं. कुणीतरी पेढे आणले होते, कुणीतरी पाया पडलं होतं, आणि 'इथं सही कर, आई' म्हणून बोट ठेवलं होतं. भोगवटा म्हटलं की त्यांना जमिनीचा उतारा आठवायचा. आपण गेल्यावर कुणाला त्रास नको म्हणून नाव चढवलं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

"तो मान नसतो, आजी," तेजस्विनी म्हणाली. "कारखान्यावर शेवटचा ताबा ज्याचा, तो भोगवटादार. तिथं कुणाला काही झालं तर सरकार पहिला जबाब त्याच्याकडे मागतं. खटला झाला तर तोही त्याच्यावर. शिक्षा होऊ शकते. मी दोन वर्षं सांगतेय हे नाव बदला म्हणून. पप्पा म्हणाले, आजीला वाईट वाटेल."

"शिक्षा म्हंजे?"

"तुरुंगसुद्धा."

स्वयंपाकघरात शैलाच्या हातून झाकण पडलं आणि गोल गोल फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं.

"म्हणून तर हा कागद," शेखर घाईनं म्हणाला. "काल वकिलांशी बोललो. कायद्यातच सोय आहे. भोगवटादारानं खरा दोषी कोण ते दाखवून दिलं, तर भोगवटादार सुटू शकतो. तू फक्त सही कर. बाकी आम्ही बघतो."

"खरा दोषी कोण?"

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच.

"बहिरू," दोघं म्हणाले.

कुसाबाईंना वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतंय. बहिरू त्यांच्या यजमानांचा, धोंडीरामांचा, पहिला माणूस. धोंडीरामांनी भंगारातून पहिली प्रेस आणली तेव्हा ती बैलगाडीत चढवायला जे सहा जण होते, त्यातला पाच जणांच्या ताकदीचा तो एकटा बहिरू. ती प्रेस पहिल्यांदा चालली तेव्हा शेजारच्या शेडमधले पंखे उलटे फिरायला लागले, असं धोंडीराम सांगायचे. तेव्हापासून कुसाबाईंना 'वहिनी' म्हणणारा तो. आज कारखान्याचा सुपरवायझर.

"त्यानं काय केलं?"

"सेन्सर त्याच्या ताब्यात असतो," दीपक सांगू लागला. "प्रेसच्या तोंडाशी दोन पिवळे खांब आहेत ना, त्यातून किरण जातात. मध्ये हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. ते बंद करायची एक चावी असते, ती बहिरूकाकांच्या कपाटात. काल सेन्सर बंद होता. म्हणजे कुणाची चूक? आणि जीवनची पण आहेच. चालू मशीनमध्ये हात घालतं का कुणी?"

"घालतं," तेजस्विनी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलणार, पप्पा. रात्रभर त्याच्याजवळ मी बसले होते, तुम्ही नव्हता. कामगारानं हात का घातला, हे कायदा शेवटी विचारतो. आधी विचारतो, मशीन चालू असताना संरक्षण जागेवर होतं की नाही. माणूस दमतो, चुकतो, सवयीनं हात पुढे करतो, हे धरूनच ते लावायचं असतं. त्याचा निष्काळजीपणा सांगून मालक सुटत नाही." ती आजीकडे वळली. "आणि तो निष्काळजी नव्हता. डायवर, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यावर, झेंडूची पाकळी पडली होती. पाकळी दाबली गेली तर पत्र्यावर वण उठतो, माल परत येतो, म्हणून त्यानं ती बोटानं उडवली. तीन वर्षं तो असाच कचरा उडवत आलाय आणि तीन वर्षं मशीन थांबत आलंय. त्याला वाटलं, थांबेल."

"झेंडूची," कुसाबाई म्हणाल्या.

"माळेतली."

आता खोलीत सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच न बोललेली गोष्ट येऊन बसली.

खंडेनवमीला प्रेसवर माळ कुसाबाईंनीच घातली होती. नवी प्रेस उंच, यंदा त्यांचा हात वर पोचेना, म्हणून त्यांनी ती तोरणासारखी त्या दोन पिवळ्या खांबांवर अडकवली. गुरुजींनी मंत्र म्हटले, नारळ फुटला, शेखरनं बटण दाबलं, आणि मशीन ढिम्म. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. चाळीस माणसं. कुणीतरी म्हणालं, सणाच्या दिवशी मशीन बसलं. बहिरू पुढे आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, माळंमुळं किरण अडतोय. माळ उतरवू, मंग चालतंय."

त्या म्हणाल्या होत्या, "खंडेनवमीची माळ कोजागिरीच्या आत उतरवायची नाय. ह्यांनी घालून दिलेली रीत हाय." तेव्हाच्या भंगारातल्या प्रेसला सेन्सर नव्हता, हे कुणाला सुचलं नाही. शेखर म्हणाला, "काका, चावी आणा." बहिरूनं कपाटातून चावी आणली, पण हात काही पुढे करेना. तेव्हा दीपक म्हणाला, "आईच्या हस्ते होऊ द्या!"

आणि चावी कुसाबाईंनी फिरवली. मशीन धडाडलं. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी चावी काढली, कुंकू लावलं, पूजेच्या ताटात ठेवली आणि ताट घरी आणलं.

"आई, सही," दीपक म्हणाला. पेनाचं टोक त्यानं कागदावर टेकवूनच धरलं होतं.

"वाचून दाखव."

"तसं काही नाही, ठरावीक मजकूर..."

"तेजू, तू वाच."

तेजस्विनीनं कागद उचलला. "'मी, भोगवटादार, सुरक्षेची सर्व काळजी घेत आले आहे. सदर संरक्षण सुपरवायझर बहिरू यांनी माझ्या नकळत, माझ्या संमतीशिवाय बंद केले...'"

"थांब. काय म्हणलीस? माझ्या?"

"नकळत."

कुसाबाई उठल्या. देवघर दहा पावलांवर होतं. त्या आत गेल्या तेव्हा मागून शैलाचा आवाज आला. शैला, जी तीस वर्षांत या घरात 'अजून भात वाढू का' याच्यापलीकडे फारसं बोलली नव्हती.

"नकळत काय?" शैला शेखरला म्हणत होती. "फोटो तुम्हीच काढलात ना? चावी फिरवताना आई, मागे तुम्ही दोघं टाळ्या वाजवताय. दोन दिवस तुमच्या स्टेटसला होता. माझ्या माहेरी चांदवडला सगळ्यांनी बघितलाय."

"डिलीट केलाय."

"माझ्या भावानं नाही केलेला."

"शैला, आईला तुरुंगात घालायचंय का तुला?"

"मला आज रात्री जीवनच्या बायकोला दूध द्यायचंय. ती आली तर. तिच्या हातात पेला देताना मी बघू कुठं, ते सांगा."

कुसाबाई देवघरासमोर उभ्या होत्या. ताट तिथंच होतं. वाळलेली आपट्याची पानं, सुपारी, आणि त्यात ती बोटभर लांबीची चावी, कुंकवानं लाल.

बहिरू दोनदा आला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला, चपला बाहेर काढून दाराशी उभा राहिला. "वहिनी, चावी द्या. सेन्सर चालू करायचाय." त्यांनी त्याला चिवडा दिला आणि म्हणाल्या, "माळ तिथं असताना चालू केलास तर मशीन परत बसंल. कोजागिरीला माळ उतरली की घेऊन जा." परवा परत आला. या वेळी आत आलाच नाही. फाटकातूनच म्हणाला, "मी शेखरभाऊंना सांगितलं, मशीन बंद ठेवू दोन दिवस. ते नाय म्हणतात. वहिनी, तुम्ही तरी..." त्या वर तोंड करून म्हणाल्या होत्या, "दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय का रं?"

जीवनच्या हाताएवढं आभाळ कोसळलं होतं.

त्यांनी चावी उचलली. ती इतकी हलकी होती, की त्यांना संतापच आला.

बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी काढा. बारा वाजायला आले."

"आणि सही?"

"घे तो कागद बरोबर."

कारखान्यात तीन नंबरच्या प्रेसभोवती कामगार उभे होते. एरवी तिथं माणसाला माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही. आज छतावरच्या पंख्याची करकर ऐकू येत होती. खाली कुणीतरी लाकडाचा भुसा टाकला होता. माळ पिवळ्या खांबांवर तशीच होती, सुकून काळपट पडलेली, मध्ये झोळ आलेला. कुसाबाईंनी भुश्याकडे बघितलं नाही. माळेकडे बघत राहिल्या. सहा दिवसांपूर्वी ती त्यांना किती सुंदर वाटली होती.

अधिकारी बाई चाळिशीच्या, हातात पॅड घेतलेल्या. त्यांनी आधी सगळं मोजलं, खांबांचं अंतर, डायची उंची, बटणं कुठं आहेत ते. मग वर न बघताच विचारलं, "भोगवटादार कोण?"

शेखरनं घसा साफ केला. "त्याचं असं आहे मॅडम, की आमची आई नावापुरती..."

"नावापुरता भोगवटादार कायद्यात नसतो. कोण आहेत?"

"मी," कुसाबाई म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी वर बघितलं. समोर नऊवारीतली पंच्याहत्तरी ओलांडलेली म्हातारी. क्षणभर त्यांचं पेन थांबलं. पॅडवरच्या या रकान्यात त्यांनी अशा कुणाचं नाव कधी लिहिलं नसावं.

"बसायला खुर्ची द्या यांना. आजी, सेन्सर बंद होता हे तुम्हाला माहीत होतं?"

शेखर कागद घेऊन पुढे सरसावला. पण त्याच्या आधी मागच्या रांगेतून बहिरू पुढे आला. रात्रीतून माणूस वाळल्यासारखा दिसत होता.

"चावी माझ्याकडं होती, मॅडम," तो म्हणाला. "मीच फिरवली. वहिनींना काय ठाव नव्हतं."

शेखरचा हात कागदासकट हवेत थांबला. दीपकनं सुटकेचा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. तेजस्विनीनं बहिरूकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कागद, वकिलामार्फत रात्रभर चाललेली खलबतं, कशाचीच गरज नव्हती. तो स्वतःहून आला होता.

कुसाबाईंना वाटलं, प्रेस आपल्याच अंगावर खाली आली. सही करायची गरज उरली नव्हती. गप्प बसलं तरी पुरत होतं. कुणी त्यांना खोटं बोलायलाही सांगत नव्हतं.

अधिकारी बाई लिहायला लागल्या. "पूर्ण नाव?"

"बहिरू..."

"बहिरू, गप!" आणि हा तो आवाज होता, घोटीची गाडी थांबवणारा. पलीकडच्या शेडमधलं काम खरंच थांबलं. "मॅडम, हा खोटं बोलतोय. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बोललाय, म्हणून त्याला जमत नाय."

त्यांनी मूठ उघडली. कुंकवानं तळहात लाल झाला होता, आणि तो लाल बघून मागच्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"ही ती चावी. सहा दिवस माझ्या देवघरात होती. हा दोनदा मागायला आला, मी दोनदा परत पाठवला. ती माळ मी घातली. ती उतरवायची नाय म्हणून हट्ट मी धरला. चावी ह्या हातानं मी फिरवली. चाळीस जण होते, विचारा कुणालाबी."

"आई, तुला कळतंय का तू काय..." शेखर पुढे आला.

"कळतंय. तुमच्या कागदात 'नकळत' लिहिलंय ना? ते खोटं हाय, आन् बहिरूचं नावबी खोटं. दोन्ही खोडा, मंग करते सही."

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी पान उलटलं. "सेन्सर बंद आहे हे माहीत असताना मशीन चालू ठेवायला कुणी सांगितलं?"

"दादांनी," दीपक पटकन म्हणाला. "म्हणजे शेखर उगले यांनी. मला काही कल्पना नव्हती, मॅडम."

"तू होतास तिथं!" शेखर गर्रकन वळला. "माझ्या शेजारी उभा होतास! 'माल उद्या गेला पाहिजे' कोण म्हणालं?"

सोळा वर्षांनी भाऊ भावाशी सरळ बोलला तो असा. सकाळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेले ते दोघं आता प्रेसच्या दोन बाजूंना उभे होते, मध्ये माळ.

"दोघांचेही जबाब घेते," अधिकारी बाई म्हणाल्या. "आणि तुमचाही, बहिरूकाका. चावी हाताबाहेर गेली होती तेव्हा मेन स्विच तरी पाडायचा होतात."

बहिरूनं मान हलवली. "व्हय. ते मलाबी कळतंय आता."

कुसाबाई खुर्चीतून उठल्या. "मॅडम, आज कोजागिरी हाय. माळ उतरवायचा दिवस. उतरवू का?"

"नाही, आजी. पंचनामा व्हायचाय. आता कुणीही मशीनला हात लावायचा नाही. माळेलाही नाही."

एका शिपायानं लाल-पांढरी पट्टी आणली आणि दोन पिवळ्या खांबांभोवती गुंडाळायला सुरुवात केली, माळेच्या बरोबर वरून. कुसाबाई बघत राहिल्या. कोजागिरीच्या आत उतरवायची नाही म्हणून त्यांनी अडवून धरलेली माळ आता कोजागिरीनंतरही उतरणार नव्हती.

"पूर्ण नाव सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"कुसाबाई धोंडीराम उगले." मग त्या म्हणाल्या, "हे झालं की मला नाशिकला जायचंय. जीवनकडं. तेजू, तू सोडशील?"

"सोडते, आजी. पण तो बोलेल असं समजू नका."

"नको बोलू दे. मी सांगायला जातेय."

पंख्याच्या वाऱ्यानं माळ किंचित हलली. एक सुकलेली पाकळी सुटली, गिरक्या घेत खाली आली आणि डायच्या बरोबर मधोमध पडली. मशीन बंद होतं, मेन स्विच पाडलेला होता, विजेचा फ्यूजसुद्धा काढून अधिकारी बाईंच्या पिशवीत गेला होता. भोवती वीसएक माणसं उभी होती.

कुणीही हात पुढे केला नाही.